तात्यांच्या नावाभोवतीचे तारे

देवास, मंगळवार, संध्याकाळ

आज स्वतःचीच किळस आली. तात्यांना जाऊन अकरा दिवस झाले. इथल्या मराठी समाजाच्या वेबसाइटवर त्यांच्याबद्दल चार ओळी द्यायच्या होत्या. सचिव फोनवर म्हणाले, “भिया, मार्कडाउन में भेजना. नाव ठळक हवं तर आगे-पीछे दो-दो तारे, बस.” मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुरातच ताऱ्यासारख्या (*) खुणा टाकायच्या; वेबसाइटवर खुणा गळतात आणि अक्षरं ठळक होतात.

बस कसलं! तारे टाकले तर पडद्यावर तारेच दिसत राहिले. दोन तास त्यातच गेले. चूक काय, तर तारा आणि नाव यांच्यात मी जागा सोडत होतो. ती काढली आणि वडिलांचं नाव एकदम ठळक झालं. मी चक्क हसलो. आईला हाक मारली, “बघ, जमलं!”

आईनं चष्मा लावून वाचलं. म्हणाली, “छान. खाली काय लिहिलंस?”

खाली काहीच नव्हतं. दोन तासांत तात्यांची एक आठवणसुद्धा मनात आली नव्हती. शिसारी आली मला त्या ताऱ्यांची, आणि माझ्या हसण्याची तर जास्तच.

मग लिहायला बसलो. पहिल्याच वाक्याला अडलो. तात्यांची पहिली नोकरी कुठल्या गावी होती, हे आईला विचारावं लागलं.

“कन्नौद,” ती म्हणाली, आणि आत निघून गेली.