खिशातली निळी काच

भिलाई, रविवार, संध्याकाळ

लेक मंजू हट्टाने सिनेमाला घेऊन गेली. त्याच गुप्तहेराचा सातवा भाग. बर्फ, समुद्र, वाळवंट, सगळं डोळे निववणारं. गोष्ट मात्र तीच. बॉम्ब शेवटच्या सेकंदाला थांबणार हे ठाऊकच होतं. मी निवांत बसलो होतो.

शेवटची मारामारी पोलाद कारखान्यात. पडद्यावर भट्टी उघडली, लखलखाट झाला, आणि माझा हात आपोआप खिशात गेला. भट्टीकडे पाहायची निळी काच सुटीच्या दिवशीही तिथेच असते.

“बाबा, काय शोधून राहिले?”

काच हातात आली होती.

“तुमी तं आता स्टोअरमधी आहे ना?”

गेल्या वर्षी पाय भाजला, तेव्हा भट्टी सोडून कारखान्याच्या स्टोअरात बदली घेतली असं मीच घरी सांगितलं. पण भट्टी सोडवली नाही. का? पोलादाची पहिली धार सुटताना रोज हात जोडतो, ते स्टोअरात कोणापुढे जोडू?

नायकाच्या कोटाला एक ठिणगीही लागली नाही. मंजू त्यानंतर पडद्याकडे पाहतच नव्हती, माझ्या हातातल्या काचेकडे पाहत होती.

घरी येऊन काच देव्हाऱ्यात ठेवली. मंजूने दिवा लावला, काच उचलली आणि परत माझ्या खिशात घातली.

“आईले तुमीच सांगा. आजच.”

पोळ्या होत आल्यात. एवढं लिहून उठतो.