नॉमिनीचा कोरा रकाना

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तरी वाकलो.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींना झोप लागते का? बाबांच्या आरामखुर्चीवरून आपण बोलणं टाकलं त्याला पाच वर्षं झाली, त्यामुळे ही चौकशी जरा शिळी वाटेल. पण पत्र फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच. माझी सगळी धडपड तेवढ्यासाठीच आहे.

तर झालं असं. आम्हा विमा कंपन्यांवर जे नियामक मंडळ बसलंय (आमची सासूच ती, भांडं वाजलं की आतून हाक), त्यांनी हुकूम काढला, की एकाही पॉलिसीत नॉमिनीचा रकाना कोरा दिसता कामा नये. ज्यांचा कोरा, त्यांना फोन करायचा, तो रेकॉर्ड करायचा, आणि ठरलेला प्रश्न शब्द न बदलता विचारायचा: आपल्या पश्चात आपलं जवळचं कोण? हे काम साहेबांनी माझ्या गळ्यात मारलं, कारण माझा आवाज म्हणे झोपाळू आहे, लोक चिडत नाहीत.

ताई, काय सांगू तुला! प्रश्न विचारला की माणसं गप्प होतात. मग मला त्यांची घरं ऐकू येतात. कुठे नळ गळतोय, कुठे पंखा कुरकुरतोय, कुणीतरी अनवाणी चालत जातंय. मी रिसीव्हर कानाला लावून खिडकीबाहेर बघत बसतो आणि त्या घरांतून हिंडून येतो. एका निवृत्त मुख्याध्यापिकेला आपला अख्खा शेवटचा वर्ग नॉमिनी हवा होता, प्रत्येकी दोन टक्के (पट निघाला बावन्न, कुठल्या दोघांना गाळावं या विचारात बाई अजून आहेत). एका सायकल दुरुस्तीवाल्याने बायकोचं नाव सांगितलं, तर ती मागून ओरडली, की आधी मीच जाणार, माझं नाव घालाल तर याद राखा! दोघं पाऊण तास भांडली. मी मध्ये पडलो नाही. ऐकायला इतकं बरं वाटत होतं.

मग मंडळाच्या तपासनीस बाई आल्या. त्यांनी आधी कर्मचाऱ्यांच्याच फायली उघडल्या आणि पहिल्याच झटक्यात माझी पॉलिसी निघाली. रकाना कोरा! साहेब पांढरेफटक. बाई म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखा, फोन करा. आता फोन करणारा मी, घेणाराही मीच. एका कानाला ऑफिसचा फोन, दुसऱ्याला मोबाईल, आणि सगळं ऑफिस बघतंय. मी स्वतःला नमस्कार केला, रेकॉर्डिंगची कल्पना दिली, प्रश्न विचारला. आणि गप्प झालो. दोन्ही कानांत नुसता माझाच श्वास. आपला जुना जिना दिसायला लागला. तू खाली बसून माझ्या बुटांच्या नाड्या बांधतेयस आणि मी तुझ्या डोक्यावर हात टेकून उभा. किती वेळ गेला कोण जाणे. बाईंनी खाकरून पेन पुढे केलं, तेव्हा मी तुझं नाव सांगून टाकलं होतं.

तुझा,
धाकटा

ता. क. : फॉर्मला तुझी जन्मतारीख लागते. मी अंदाजाने घातली, तर त्या हिशेबाने तू माझ्यापेक्षा लहान ठरलीस. शुक्रवारच्या आत खरी हवी.

ता. क. २ : याचा अर्थ खुर्चीबाबत माझं चुकलं होतं असा नाही.

ता. क. ३ : थोडं चुकलं होतं.

ता. क. ४ : नियमाप्रमाणे कंपनी तुला कळवणार ते मी गेल्यावर. मला तेवढा धीर नाही. तारीख पत्राने पाठवू नकोस, घरी येऊन सांग.