मर्लचं गुरुवारचं पत्र

६ जून, गुरुवार

मर्लचं ईमेल-पत्र वाचलं. तिसऱ्या ओळीत सोडलं. 'प्रिय मित्रहो, बरेच महिने पत्र नाही, क्षमा असावी —' क्षमा! मी वर्तमानपत्रात जन्म काढला, एकदाही वाचकाची क्षमा मागून सदर सुरू केलं नाही. माफी मागणाऱ्याची लोकांना दया येते. दया करणारे चित्रं विकत घेत नाहीत.

तसं सांगितलं तिला. ती शेगडीच्या झाकणावर लिनोचा, ठसे कोरायच्या रबरासारख्या जाड पट्टीचा, तुकडा शेकत होती. इकडच्या जूनच्या थंडीत तो दगडासारखा होतो, शेकल्याशिवाय कोरता येत नाही. मान वर न करता म्हणाली, "तुला पेपरवाल्यांनी काढलं, म्हणून आता माझ्या डोक्यावर बसायला आलीस का?"

हो. दुसरं कुठे जाणार! होबार्टच्या दक्षिणेला, डोव्हरला थोरल्या बहिणीचं घर आहे, मागे तिची ठसे छापायची खोली आहे, आणि माझं सामान अजून तीन खोक्यांत बांधलेलं आहे.

९ जून

होबार्टच्या गॅलरीवाल्याने मर्लचे खेकड्यांचे आणि बगळ्यांचे ठसे परत पाठवले. 'सध्या वेगळ्या प्रकारची मागणी आहे.' चौकटींना ओरखडे. आता तिच्याकडे शनिवारच्या बाजारातलं टेबल आणि ईमेल-पत्राच्या वाचकांची ही यादी, एवढंच.

म्हटलं, "यादी माझ्याकडे दे. दर गुरुवारी पत्र. एक चित्र, एक गोष्ट, शेवटी एक प्रश्न. नवा ठसा आधी यादीला दाखवायचा, मग जगाला."

"आणि मी काय करू?"

"तू कोर. बोलू नकोस. तू बोललीस की लोक पळतात."

हसली. मग म्हणाली, "एक अट. प्रत्येक पत्रात स्पडबद्दल एक ओळ हवी."

स्पड म्हणजे तिचा म्हातारा कुत्रा. शेगडीपुढे पडलेला असतो. वास येतो. मी हो म्हटलं. कामाच्या सुरुवातीला सगळ्यालाच हो म्हणायचं असतं.

१३ जून, गुरुवार

पहिलं पत्र गेलं. कोरणी घसरून मर्लचा अंगठा कापला, ते लिहिलं. ठशावर रक्त पडलं, तो ठसा तिने फेकला नाही — हेही लिहिलं. (फेकला होता. मी केराच्या डब्यातून काढला.) दुपारपर्यंत तो ठसा विकला गेला. बेंडिगोच्या थेल्मा नावाच्या बाईंनी दोन पानी उत्तर पाठवलं.

मर्ल म्हणाली, "पुढच्या आठवड्यात काय, हात कापू?"

२२ जून

बाजार. टेबलावर वही ठेवली — 'तुमचा ईमेल पत्ता लिहा आणि हा छोटा शिंपला घेऊन जा.' शिंपला म्हणजे मर्लने बोटभर कागदावर छापलेला ठसा. वही भरली. मर्लला हे भीक मागण्यासारखं वाटतं. शेजारी शिंपल्याच्या मांसाचे पॅटिस विकणाऱ्याला म्हणाली, "माझी बहीण. लोकांचे पत्ते गोळा करते. पूर्वी त्यांची मरणं गोळा करायची."

मृत्युलेख मी पाच वर्षं लिहिले, ते खरं आहे. बरे लिहायचे.

४ जुलै, गुरुवार

चौथं पत्र. कुत्र्याची ओळ काढली. मजकूर घट्ट झाला होता, ती ओळ लोंबत होती — 'स्पडने आज पुन्हा माझा मोजा पळवला.' कोणाला काय त्याचं?

मर्लने संध्याकाळी पत्र वाचलं आणि हातातला रोलर टेबलावर आपटला. शाई भिंतीवर!

"ओळ कुठे गेली?"

"अगं, कुत्र्यात कोणाला रस आहे?"

"तुला काय माहीत कोणाला आहे!"

मग कळलं. स्पड कॅलमचा कुत्रा. कॅलम म्हणजे मर्लचा एकुलता एक मुलगा, प्लंबर, सध्या दक्षिण ध्रुवाकडच्या तळावर हिवाळा काढायला गेलाय. आर्चीच्या — त्याच्या बापाच्या — दफनाच्या दिवशी तो मर्लला म्हणाला, तू बाबांना आयुष्यभर टोचून टोचून मारलंस. मर्ल म्हणाली, माझ्या दारात पुन्हा येऊ नकोस. तो आला नाही. जाताना शेजाऱ्याच्या हाती कुत्रा पाठवून दिला, दोरीला बांधून.

"मग त्याला सरळ ईमेल कर ना."

"त्याने आधी."

"तो पत्र वाचतो हे तुला कशावरून?"

"वाचतो."

संपलं. पासष्टीची बाई मोज्यांच्या गोष्टी लिहून मुलाशी बोलते, आणि मुलगा — वाचत असलाच तर — न बोलून बोलतो. आमच्या घराण्याला शोभेल असंच.

११ जुलै, गुरुवार

मोज्याची ओळ परत घातली, पुढे एक नवी. 'स्पडचे मागचे पाय धरतात, पण मांजर दिसली की विसरतात.' मला वाटलं त्यापेक्षा वाचकांना आवडली. थेल्माबाईंनी स्पडसाठी लोकरीचं अंथरूण पाठवतेय म्हणून कळवलं. अरे देवा.

२५ जुलै, गुरुवार

यादी साफ केली. हे काम कलाकारांना जमत नाही, म्हणून त्यांच्या याद्या कुजतात. ज्यांना पत्र जातं पण जे उघडतच नाहीत, ती मेलेली नावं. अशी फार साठली की ईमेल सेवेला वाटतं, ही बाई कचरा पाठवते, आणि मग जिवंत माणसांचीही पत्रं कचऱ्यात पडायला लागतात.

कळतं कसं? पत्राच्या तळाशी नखापेक्षा लहान, न दिसणारं एक चित्र असतं. पत्र उघडलं की ते चित्र उतरतं आणि आपल्याकडे नोंद होते. सहा महिन्यांत एकदाही उतरलं नाही, तर माणूस मेला.

काही लोक आधी निरोपाचं पत्र पाठवतात — 'तुम्ही वाचत नाही असं दिसतं, राहायचं असेल तर कळवा.' मी नाही पाठवत. ती लाचारी. सगळे एकदम निवडायचे, एकदा कळ दाबायची. नावं वाचायची नाहीत. वाचली की हात थांबतो. संपादकाने माझ्याबाबतीत हेच केलं असणार, आणि त्याचं चुकलं असं मला अजूनही म्हणवत नाही.

मर्लला विचारलं होतं. ती शाई घोटत होती. "तुला त्यातलं कळतं, तू बघ."

८ ऑगस्ट, गुरुवार

यादी हलकी झाली आणि पत्रं नीट पोचायला लागली. उत्तरं वाढली. नवा बगळा सकाळी दाखवला, चहाच्या वेळेपर्यंत सगळ्या प्रती संपल्या. गॅलरीवाल्याचा फोन. आवाजात मध. मर्लने मला फोन दिला, मी म्हटलं, "सध्या वेगळ्या प्रकारची मागणी आहे."

मर्ल इतकी हसली की खोकला लागला. बऱ्याच वर्षांनी दोघी एकाच गोष्टीला हसलो.

२९ ऑगस्ट, गुरुवार

स्पड उठत नाही. पत्रात मर्लने ओळ दिली — 'स्पड सध्या विश्रांती घेतोय.'

"खोटं आहे," मी म्हटलं.

"खोटं नाही. उशीर आहे."

७ सप्टेंबर

स्पड गेला. जनावरांचा डॉक्टर घरी येऊन सुई देऊन गेला. मर्लने डोकं मांडीवर धरलं होतं. सफरचंदाच्या झाडाखाली पुरला. जमीन कडक. दोघी म्हाताऱ्या कुदळ मारतोय, आणि थेल्माबाईंचं अंथरूण तेवढ्यात टपालाने आलं! त्यातच गुंडाळला.

मर्ल रडली नाही. म्हणाली, "त्याला कसं कळवायचं?"

मी म्हटलं, "गुरुवारी."

१२ सप्टेंबर, गुरुवार

या वेळचं पत्र तिने स्वतः लिहिलं. मी हात लावला नाही. लावायला जागाच नव्हती. कुत्र्याला पहिल्यांदा आर्चीच्या होडीत बसवलं तेव्हा तो कसा ओकला, आणि मुलाने शर्ट काढून त्याला कसा पुसला. मुलगा फाटकातूनच शिट्टी घालायचा, दोन आखूड एक लांब, की हा उभ्या जागेवरून सुटायचा. मुलगा गेल्यावरही संध्याकाळी फाटकाशी जाऊन बसायचा. शेवटची ओळ: 'ज्याचा होता त्याला सांगायचं, की मी त्याला एकटं मरू दिलं नाही.'

मी इतकी वर्षं मरणं लिहिली. असं एकही नाही.

१४ सप्टेंबर

असं पत्र मी कधी पाहिलं नाही. लोक एकमेकांना पाठवताहेत. यादी फुगत चाललीय. पर्थहून, ऑकलंडहून, कुठल्याशा बेटावरच्या शाळेतून उत्तरं. मर्ल एकेक उघडते, नाव बघते, बंद करते. मजकूर वाचत नाही.

"सगळी आली?"

"येताहेत अजून."

"सगळी इथेच येतात ना? दुसरीकडे कुठे जात नाहीत?"

"इथेच."

२६ सप्टेंबर, गुरुवार

अजून तेच. जेवत नाही. कोरत नाही. लिनोचा तुकडा शेगडीवर ठेवून विसरली, घरभर जळका वास. आजचं पत्र जुन्या ठशावर भागवलं. पत्र चुकवायचं नाही. चुकलं की लोक विसरायला शिकतात.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज स्पष्ट बोलले. कोणीतरी बोलायला हवं होतं. न्याहारीला पुन्हा सुरू झालं — तळावर वादळ असेल, वीज नसेल, तो वाचेल, उत्तर देईल. मी यादी उघडली. त्याचं नाव टाकून शोधलं. आडनाव टाकून शोधलं. पत्ता अर्धा टाकून शोधलं.

"मर्ल, तो यादीत नाही."

"काय?"

"नाहीच. कॅलम नावाचा एकही माणूस या यादीत नाही. तो तुझी पत्रं वाचत नाही. तू सगळ्या जगाला मोज्यांच्या गोष्टी सांगितल्यास, त्याला सोडून."

तिने पाव खाली ठेवला. लोणी लागलेली सुरी पुसून ठेवली.

"नक्की?"

"माझं काम आहे ते. नक्की."

१० ऑक्टोबर, गुरुवार

मर्लने सांगितलं, होडी विकायची. आर्चीने आणि कॅलमने मिळून ह्यूऑन पाइनच्या लाकडाची बांधलेली छोटी होडी. कॅलम तेव्हा शाळेत होता. आतल्या फळीवर दोघांची अक्षरं कोरलेली आहेत.

म्हटलं, "विचार कर."

"केला. पत्रात घाल. तुझी यादी एवढी मोठी आहे ना?"

घातलं. होडीचा फोटो, पाठीमागे पाणी, शेवटी प्रश्न — 'तुम्ही कुठली गोष्ट उशिरापर्यंत सांभाळून ठेवलीत?' जेवणाच्या आत गेली. सिग्नेट गावचा एक गृहस्थ. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. कारागिराने नव्हे, यादीने होडी विकली!

१९ ऑक्टोबर

गृहस्थ ट्रेलर घेऊन आले. फळीवरची अक्षरं दिसली तेव्हा म्हणाले, "ही ठेवू का घासू?"

मर्ल म्हणाली, "घासा."

७ नोव्हेंबर, गुरुवार

मर्ल पुन्हा कोरायला लागली. एकही कुत्रा नाही, होडी नाही. नुसते खडक. कडक, काळे, चांगले. पूर्वीपेक्षा चांगले. पत्रात कुत्र्याची ओळ नसते, आणि कोणी विचारतही नाही.

रात्रीच्या जेवणाला म्हणाली, "तू सांगितलंस ते बरं झालं. मी आणखी दहा वर्षं वाट पाहिली असती."

आभार मानण्याच्या इतकं जवळ ती कधी आली नव्हती. मी माझी खोकी सोडली. शेवटची दोन राहिली होती.

१७ नोव्हेंबर

दक्षिण ध्रुवाकडच्या तळाचं जहाज होबार्टला लागलं, असं रेडिओवर सांगितलं. मर्लने उठून रेडिओ बंद केला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

पत्र तयार होतं. दहाला जायचं होतं. त्याच्या जरा आधी फाटकातून शिट्टी आली. दोन आखूड, एक लांब. मग थोडं थांबून पुन्हा, जरा मोठ्याने.

मर्लच्या हातून कोरणी पडली. मी दार उघडलं. दाढीवाला माणूस, पाठीवर पिशवी, नजर माझ्या पायांच्या मागे, घरात. "मावशी, स्पडला ऐकू येईनासं झालं का?"

मर्ल माझ्या मागे येऊन उभी होती. तो तिच्याशी बोलला, माझ्याकडे बघून. "तिला सांग, मी भांडायला आलो नाही. तिकडे चित्रं उतरत नाहीत, नुसता मजकूर येतो. पण सगळा वाचायचो मी. मोजा, मांजर, सगळं. जुलैपासून पत्र का बंद केलं, एवढंच विचारायला आलोय."

मर्लने त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

आज पत्र गेलं नाही.