पांगुळगाडा परत न करण्याबाबत

प्रति,
मा. बालकल्याण अधिकारी,
शहर बालसंगोपन मंडळ, सोलापूर.

अर्जदार : मल्लिकार्जुन चनबसप्पा कोनापुरे, भांड्यांचे दुकान, शुक्रवार पेठ, सोलापूर.

विषय : सुदृढ बालक स्पर्धेत कु. महादेवी हिला मिळालेले पहिले बक्षीस (लाकडी पांगुळगाडा, एक नग) परत न करण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र जा. क्र. बासं/स्पर्धा/२१७, दि. २४ जुलै १९७९.

महोदय,

आपले वरील पत्र पोचले. माझी मुलगी महादेवी ही 'जन्मतः मंदबुद्धी असल्याचे मंडळाच्या निदर्शनास आल्याने' तिचा पहिला क्रमांक रद्द करण्यात आला असून प्रमाणपत्र, छायाचित्र व बक्षीस त्वरित जमा करावे, असा आपला आदेश आहे. पैकी प्रमाणपत्र व छायाचित्र सोबत जोडले आहे. पांगुळगाडा जोडलेला नाही. त्याची कारणे सादर करतो. ती थोडी लांबली आहेत, पण आमच्या घरी सगळ्याच गोष्टींना वेळ लागतो.

१. महादेवी आमच्या लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झाली. जन्मली त्या दिवशी डॉक्टरांनी तिचे डोळे पाहिले, तळहात उघडून त्यावरची एकच आडवी रेघ पाहिली आणि 'मंगोल' असा वैद्यकीय शब्द उच्चारला. माझ्या मातोश्री ईरम्मा यांना तो 'मंगळ' असा ऐकू आला. त्या म्हणाल्या, "असू दे की मंगळ. आमच्यात पत्रिका कोण बघतंय?" डॉक्टरांनी परत समजावून सांगितले की हे मूल उशिरा बसेल, उशिरा बोलेल, शाळेच्या उपयोगाचे नाही, तेव्हा फार जीव लावू नका. मातोश्रींनी यातले शेवटचे तेवढे मनावर घेतले व डॉक्टरांना विचारले, "तुमास्नी पोरंबाळं हायती का न्हाईत?" याबद्दल मी त्यांच्या वतीने जागेवरच माफी मागितली आहे.

२. ही बातमी बारशाच्या आधी अक्कलकोटपर्यंत पोचली. त्यामुळे पाहुणे आले, पण तान्ह्या मुलाला जे द्यायचे ते कोणी आणले नाही. माझी थोरली बहीण चंद्रव्वा हिने पिशवीतून खुळखुळा अर्धा बाहेर काढला, पाळण्यात पाहिले, तो आत सारला आणि नारळ काढला. "हिला काय कळतंय रे खुळखुळ्यातलं," असे ती रडत रडत म्हणाली. तिच्या मनात वाईट नव्हते. एकूण अहेरात ताईत, काळे दोरे, विभूतीच्या पुड्या आणि भरपूर नारळ जमले. वाटी-चमचाही कोणी दिला नाही. भांडीवाल्याच्या घरी भांडे काय न्यायचे, असा विचार त्यामागे असावा.

३. पुढे आम्ही तिला मिरजेला एका डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी तपासण्याआधी मुलीला मांडीवर घेतले, म्हणून मी त्यांचे ऐकून घेतले. त्यांनी तिचे हातपाय वाकवून पाहिले, अंग फार सैल आहे म्हणून चेहरा गंभीर केला, पण नंतर म्हणाल्या, "ही शिकेल. सावकाश शिकेल, म्हणून तुम्ही लवकर सुरू करा. डोळ्यांना दिसेल, कानाला ऐकू येईल, मुठीत मावेल असं काहीतरी देत जा. आणि बोला तिच्याशी. ती उत्तर देत नाही म्हणून गप्प बसू नका."

त्याप्रमाणे मी खेळणी आणण्यास बाजारात गेलो. दुकानदाराने वय विचारले. मी म्हणालो, वय दहा महिने, पण चार महिन्यांचे दाखवा. तो म्हणाला, "सगळे बाप वाढत्या अंगाचं मागतात, तुमी उलटं काय मागताय?" जी खेळणी हलत होती ती किल्लीवर हलत होती आणि जी वाजत होती ती एकदाच वाजून बंद पडत होती. मी रिकाम्या हाताने परत आलो व घरापुढच्या दुकानात नेहमीप्रमाणे गिऱ्हाइकाच्या तांब्यावर यंत्राने नाव घालायला बसलो. यंत्राची घरघर सुरू होताच गोधडीवर पडलेल्या महादेवीने मान वळवली. मी यंत्र बंद केले, तिने तोंड फिरवले. परत सुरू केले, परत वळली. माझी पत्नी नागम्मा स्वयंपाकघरातून धावत आली व "काय झालं?" म्हणून विचारू लागली, तेव्हा मी यंत्र पुन्हा सुरू करून दाखवले.

तेव्हापासून तिची खेळणी आमच्याच दुकानातून निवडली जातात. चमचा मुठीत, पळी तोंडात, झाकणे एकमेकांवर. डबा पडला की ती आवाजाच्या दिशेने बघते आणि नागम्मा दर वेळी नव्याने सांगते, "डबा पडला, महादेवी. डबा!" दुकानात फार आदळआपट चालते, अशी गिऱ्हाइकांची तक्रार आहे. ती खरी आहे.

४. आता स्पर्धेविषयी. नागम्मा आपल्या सभागृहात फक्त वजन करून घ्यायला गेली होती. तेथील बाईंनी गुटगुटीत मूल पाहून तिला रांगेत उभे केले. मुलगी कशी आहे, हे कोणी विचारले नाही व तिनेही आपण होऊन सांगितले नाही. बाकीची मुले परीक्षकांना पाहून किंचाळत होती. महादेवी हसली आणि परीक्षकांचा चष्मा तिने पळी धरावी तसा पकडला. त्यांनी तिचा पाय उचलून तिच्याच कपाळाला लावला. तरी ती रडली नाही. "काय लवचिकपणा! बाळ असावं तर असं," असे ते सर्वांसमक्ष म्हणाले. मिरजेला ज्या लक्षणाने डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या, त्याच लक्षणाला आपल्याकडे पैकीच्या पैकी गुण मिळाले. यात अर्जदाराने फसवणूक नेमकी कोठे केली, ते कृपया कळवावे.

५. दुसरा क्रमांक आमच्या गल्लीतल्या मथुराबाईंच्या महिपतीचा आला होता. वजनकाट्यावरून पळून गेल्याने त्याचे गुण कापले होते. आता आपल्या पत्रान्वये तो पहिला झाला असून पांगुळगाडा त्याला द्यायचा आहे. मथुराबाई स्वतः माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "मल्लण्णा, माझं पोरगं जिन्यावरनं उड्या मारतंय. त्याला पांगुळगाडा घेऊन काय सरपण करू? ऱ्हाऊ दे की तुमच्याकडं." आम्ही दोघे हे सांगण्यास आपल्या कार्यालयात आलो, तेव्हा बक्षीस गुणांवर असते, गरजेवर नसते, असे आपण समजावलेत. मला उद्देशून आपण असेही म्हणालात, "जी चालणारच नाही तिला गाडा कशाला? चालेल असा सरकारी डॉक्टरांचा दाखला आणा, मग बघू." मी सरकारी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "चालू दे, लगेच दाखला देतो." ती चालू लागली म्हणजे दाखला मिळेल, आणि दाखला मिळेल तेव्हा गाडा लागणार नाही. या अडचणीवर मंडळाच्या नियमावलीत काही तोड असल्यास मी आभारी होईन.

तूर्त वस्तुस्थिती अशी की गेल्या आठवड्यात महादेवी पांगुळगाड्याचा दांडा धरून उभी राहिली, गाडा पुढे सरकला, घाबरून तीही सरकली आणि पडली. पडल्यावर कोणी रडायच्या आत ती हसली. मातोश्रींनी गल्लीत साखर वाटली. हे चालणे आहे की नाही, याचा निर्णय मी आपल्यावर सोपवतो. मात्र त्यासाठी आपण घरी यावे. गाडा कार्यालयात आणणे मला शक्य नाही, तो सध्या वापरात आहे.

६. आपल्या पत्राचा एक उपयोग झाला, तो नमूद करणे मी कर्तव्य समजतो. बक्षीस काढून घेतल्याची चर्चा गावभर झाली आणि कुंभारी गावाकडील बनाबाई नावाची मेंढरे राखणारी बाई पाठीवर पाच वर्षांचा मुलगा घेऊन दुकानात आली. मुलाचे नाव सिद्धाप्पा. डोळे, तळहात, हसणे, सगळे आमच्या महादेवीसारखे. ती दारातच थांबून म्हणाली, "तुमच्या पोरीवानीच हाय माझा. लोकास्नी दावत न्हवते. मला वाटलं जगात ह्यो येकलाच." नागम्माने तिला आत घेतले. जाताना बनाबाईंनी कमरेच्या पिशवीतून मेंढीच्या गळ्यातली घंटी काढून महादेवीच्या मुठीत दिली. आजवरच्या अहेरात मुलीकडे बघून आणलेली ही पहिलीच वस्तू होय.

आता बनाबाई दर बाजारच्या दिवशी येतात. बार्शीहूनही एक जोडपे मुलाला घेऊन येऊ लागले आहे. मुले झाकणे वाजवतात, आया त्यांना वस्तूंची नावे सांगतात आणि मिरजेच्या बाईंनी पत्राने कळवलेले व्यायाम आम्ही सगळे मिळून चुकत चुकत करतो. दुकानात आता उभे राहण्यास जागा नाही. आपले सभागृह स्पर्धेनंतर कुलूपबंद आहे. सबब ते आठवड्यातून एक दुपार आम्हांस वापरू द्यावे, ही या अर्जातील मुख्य मागणी आहे. झाडलोट आम्ही करू. क्रमांक कोणालाच नको आहे.

सभागृह दिल्यास बाहेर पाटी कोणती लावायची, अशी हरकत कार्यालय घेईल, हे मी जाणून आहे. 'मंदबुद्धी' लिहिले तर आया येणार नाहीत आणि 'सुदृढ' लिहिले तर आपण येऊ देणार नाही. मी ही अडचण सगळ्यांपुढे मांडली, तेव्हा बनाबाई म्हणाल्या, "पाटी कशाला वो? आमच्या पोरास्नी वाचाय येत न्हाय आजून."

यातील 'आजून' हा शब्द त्यांचा आहे. तो मी मुद्दाम जसाच्या तसा उतरवला आहे. कार्यालयाने त्याची नोंद घ्यावी.

आपला नम्र व वाट पाहण्याची सवय झालेला,

(सही)
मल्लिकार्जुन चनबसप्पा कोनापुरे
सोलापूर, दि. ८ ऑक्टोबर १९७९