देवानं देलं

रवि. ८ जाने. १९५६. गडचिरोली

मागच्या पानावर लिहिलं आहे, ‘बाबा माझा पगार घेतात.’ हे चूक. खोडत नाही, पण खरं काय ते खाली लिहिते. बाबांनी आजवर माझ्यापुढे हात केलेला नाही. पगाराच्या दिवशी शाळेतून आले की मी हातपाय धुते, नोटा देव्हाऱ्यात ठेवते, वर कुंकवाचं बोट लावते. दुसऱ्या दिवशी आंघोळ झाली की बाबा त्या उचलतात, कपाळाला लावतात आणि म्हणतात, “देवानं देलं.” दीड वर्ष हेच.

ठेवायला कोणी सांगितलं? कोणीच नाही. पहिला पगार हौसेनं ठेवला. घरात शाळा शिकलेली मी पहिली, मग पगारही पहिलाच. दुसऱ्या महिन्यात नाही ठेवला तर कसं दिसेल, म्हणून ठेवला. तिसऱ्यापासून रीत झाली.

म्हणजे उचलणारे बाबा, पण ठेवणारी मी.

मंगळ. १०

शाळेत वाईट झालं. गणित घातलं आणि म्हटलं, “पाट्या वर!” मुलींनी बसल्या जागेवरून पाट्या वर धरल्या. उत्तर ३. सखूच्या पाटीवर मला ६ दिसलं. ती दोनदा म्हणाली, “बाई, तीनच लिवलं.” मला वाटलं, उलट बोलते. हातावर पट्टी मारली. सुटीत पाटी जवळून पाहिली. तीनच होतं.

सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी. सखू हसली. पण हात मागेच होता.

मो. बाईंच्या (आमच्या हेडमास्तरीण, वर्ध्याकडच्या) कानावर गेलं. मला मागच्या भिंतीशी उभं केलं. “शेवंता, फळ्यावरची तारीख वाच.” सकाळी मीच लिहिलेली, म्हणून खडाखडा सांगितली. म्हणाल्या, “ती मी पुसली. उद्याची लिहिली आहे.”

जिल्ह्याच्या गावी, चांद्याला, दर शनिवारी डोळ्यांचा डॉक्टर बसतो, म्हणतात.

शुक्र. १३

करीमचाचांच्या दुकानात गेले. बांगड्या, आरसे, सुईदोरा, आणि एका डब्यात चाळिशीचे चष्मे. एक लावून पाहिला. दुकान पाण्यात बुडालं.

“उतार ते! बुढ्यांचा आहे. तुह्या डोळ्याले चांद्याचा डॉक्टर पायजे.”

किती लागतील, विचारलं. त्यांनी अंदाज सांगितला. एका पगारात जाण्यायेण्यासकट बसतं. तरी माझे तळहात ओले झाले आणि तोंडातून निघालं, “मंग येतो.”

चाचा गल्ल्यावर हात आपटून हसले. “अवं, दीड साल झाला, तुहं हेच! भाव पुसते अन् मंग येतो. बाजारात नावच पडलं तुहं. ‘मंगयेतो बाई’!”

मीही हसले. घराशी पोचेपर्यंत हसू राहिलं नाही. छत्रीला हेच, चपलेला हेच. आधी भाव, मग ओले हात, मग ‘मंग येतो’. हातात पैसा नसतो म्हणून? की असता तरी हेच?

यापुढे असं झालं की ‘मं. ये.’ लिहायचं. का झालं, तेही.

रवि. १५

मं. ये. — पेरूला! पेरूवाली म्हणाली, “घे वं बाई, साखर हाय साखर.” भाजीचे पैसे उरलेले हातात होते. कोणाची भीती? ओळखीचं कोणी बघत नव्हतं.

(परत विचार केला. कोणी बघत असतं तर घेतला असता. मायसाठी म्हणून. माझ्यासाठी म्हणून घ्यायलाच हात उठत नाही.)

बुध. १८

घरी संक्रांतीचं हळदीकुंकू. बाया गेल्यावर माय सांडलेले तीळ वेचत बसली. मी विचारलं, “माय, माह्या पगाराचं काय होते वं?”

“काय होते म्हंजे? तुह्याच लग्नाले ठेवून राह्यले ना तुहे बाबा. एक पैसा नाई मोडला.”

एवढा राग साठवला होता, तो कुठे ठेवू कळेना. बाबांबद्दल मनात काय काय आणलं होतं. रडू आलं. माय म्हणाली, “लग्नाचं नाव काढलं तं रडून राह्यली. वेडी पोरगी.”

वही मिटली होती, परत उघडली. पैसे माझ्या लग्नाला आहेत. माझ्या डोळ्यांना नाहीत.

रवि. २२

बाबांना विचारलं. बैलांना पाणी दाखवत होते.

“बाबा, मले चष्मा लागते.”

“काऊन?”

“फळा दिसत नाई.”

“फळा तं तूच लिवते. पोरीइले दिसाले पायजे, तुले कायले?”

मग सखूचं सांगितलं. बाबा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, “फागुनात पाहाले येऊन राह्यले लोकं. चष्मा लावून बसशीन त्याइच्यापुढं? लगन होऊ दे बाई. मंग घे.”

मंग. हा शब्द मी कुठून उचलला, ते समजलं.

मी म्हटलं, “पैसे माहे हायेत, बाबा.”

— नाही. हे खोटं लिहिलं. म्हटलं नाही. ओठांपर्यंत आलं होतं.

शुक्र. २७

आता ‘पाट्या वर’ म्हणत नाही. प्रत्येकीजवळ जाते, वाकून बघते. तास पुरत नाही. मी जवळ गेले की सखू आधी पाटी छातीशी धरते, मग दाखवते. हे मला सोसत नाही.

मो. बाई: “चार तारखेच्या शनिवारची रजा मांड. मी सही करते. पगार माझ्याकडे ठेव, घरी सांग की उशीर झाला.”

पगार लपवणं नको म्हटलं. रजेचं “मग सांगते” म्हटलं. मं. ये.चीच बहीण! दारातून परत फिरले, उभ्याउभ्या अर्ज लिहून दिला. अक्षर वाकडं आलं. चालेल.

मंगळ. ३१

उद्या पगार.

आधी ठरवलं होतं, चष्म्यापुरते मी उचलायचे, बाकी बाबांना. ते नको. तेवढेच उचलले तर तो खाऊ झाला. सगळे उचलीन. मग घरासाठी म्हणून माझ्या हातानं बाबांच्या हातात देईन, तोंडानं सांगून. लग्नासाठी नाही.

माय विचारत होती, “मनाशीच काय बोलून राह्यली वं?” “काई नाई” म्हटलं. लिहून ठेवते, मं. ये.

देवावर राग नाही. पण बाराखडी गिरवून घेते मी, खडूनं हात पांढरे होतात माझे. देवानं देलं कसं?

उद्या नेहमीसारख्या नोटा ठेवीन, कुंकू लावीन. परवा बाबा आंघोळीहून येईपर्यंत देव्हाऱ्यापाशी उभी राहीन. ते यायच्या आधी उचलणार नाही, ती चोरी होईल. त्यांच्यादेखत उचलीन, कपाळाला लावीन आणि म्हणेन, “म्या कमावलं.” हात ओले होतील. होऊ देत.

बाबा काय म्हणतील? लिहायला घेतलं होतं, सोडून दिलं. ते त्यांचं त्यांना म्हणू दे.

‘मंग’ म्हणता येऊ नये म्हणून दिवस मांडून ठेवते. शनिवारी चांदा. त्याआधी, गुरुवार, २ फेब्रुवारी १९५६, सकाळी, बाबांची आंघोळ झाल्यावर.