दोघांना एक शाळा

सोलापूर, ता. ६ जानेवारी १९३४

जेवताना पुन्हा तेच. शकूनं वसंताला हाक मारली, "काका, पाणी दे." यांच्या बहिणीला, आक्कांना, हसू आवरेना. "अगं, भाऊ हाय न्हवं तुजा? काका कुटनं आला?" वसंतानं तांब्या पुढं केला आणि म्हणाला, "घे दादा." मग तर आक्कांचे यजमान, आमचे दाजी, तेही हसले. आफ्रिकेतल्या त्या बोलीत काका म्हणजे थोरला भाऊ आणि दादा म्हणजे बहीण, हे किती वेळा सांगितलं. आमच्या तिथल्या स्वयंपाक्यानं, ओमारीनं, पाळण्यापासून तेच शिकवलं. दोघं एकमेकांशी दुसरं काही बोलतच नाहीत.

यांची रजा एप्रिलपर्यंत. तोवर दोघांची कुठंतरी सोय लावायची. वसंता अकरा, शकू आठ. आफ्रिकेत हे ज्या रेल्वे स्टेशनावर नोकरीला ते माळरानावर, शाळा नाही. वरच्या लाइनीला गोऱ्यांची आहे, तिथं आपल्यांना घेत नाहीत.

सोय. हा शब्द खोडला, पुन्हा तोच लिहिला.

ता. ९

हे म्हणाले, "तारा, मधू गेला. आता या दोघांना त्या हवेत परत न्यायचं नाही. माझ्याच्यानं दुसऱ्यांदा होणार नाही ते." एवढंच. मग अंगणात जाऊन उभे राहिले.

आमचा धाकटा मधू दोन वर्षांचा होता. हिवताप डोक्यात गेला. स्टेशनामागं बाभळीसारखं एक झाड आहे, त्याच्याखाली आहे तो.

यांचं खरं आहे. मला तेच खोटं ठरवता येत नाही.

ता. १५

गड्ड्याच्या जत्रेत शकू हरवली. पाळण्यापाशी माझं बोट धरून होती, वळून बघते तो नाही. हे एकीकडे, दाजी एकीकडे, मी नुसती "शकू, शकू" करत फिरतेय. त्या गलबल्यात कोण कुणाचं ऐकणार. वसंता चिवडेवाल्याच्या ढकलगाडीवर चढला आणि त्यांच्या बोलीत ओरडला. तीनचारदा. लांबून, बांगड्यांच्या दुकानांकडून, तिचा आवाज आला. त्याच बोलीत.

आणली तेव्हा ती रडत नव्हती. म्हणाली, "मला ठाऊक होतं काका बोलवेल."

आक्कांनी घरी येऊन तिची दृष्ट काढली. मीठमोहऱ्या चुलीत टाकल्या आणि कितीतरी वेळ तिला मांडीवरून उठू दिलं नाही. आक्कांना मूलबाळ नाही.

ता. २२

इथल्या मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात जाऊन आले. हे, मी आणि शकू. मोठी मडम मराठी चांगलं बोलते. अंगण स्वच्छ, लिंबाची झाडं, मुली ओळीनं बसून भाकरी खात होत्या. पुष्कळशा आईबाप नसलेल्या. प्रार्थना सगळ्यांना सक्तीची का, विचारलं. मडम म्हणाली, बसावं लागेल, म्हणावी की नाही ते तिचं तिनं ठरवावं. सरळ उत्तर दिलं, मला आवडलं.

घरी आक्का पेटल्या. "आत्या जित्ती असताना पोरगी अनाथांत ठेवायची? लोक काय म्हन्तील बापूला? मी हाय की हितं. शाळेला मी सोडीन, मी आनीन."

बापू म्हणजे हे. बहिणीपुढं नेहमीच गप्प.

मडमेकडे मुलगे घेत नाहीत. म्हणजे वसंता दुसरीकडे.

ता. ३०

पुण्याच्या दोन शाळा झाल्या बघून. एक मुलांची, एक मुलींची, मध्ये चांगला कोसभर रस्ता. हे म्हणतात गाव तर एकच. मी म्हटलं, गड्ड्यालाही सगळे एकाच गावात होतो.

हे रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

ता. ७ फेब्रुवारी

पाचगणीच्या शाळेचा होकार आला. दोघांना. वाचन आणि डाक्तरी तपासणी तेवढी तिथं गेल्यावर.

शाळा परमुलखात राहणाऱ्यांच्या मुलांसाठीच काढलेली. बसऱ्याची, रंगूनची, झांजिबारची मुलं आहेत म्हणे. मुलगे मुली दोन्ही, राहायची घरं वेगळी, वर्ग एक. रविवारी भावंडांनी भेटायचं. हवा थंड, डाक्तरीण शाळेतच. यांचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळलेला बघितला.

वसंता शकूला म्हणाला, "त्वेन्दे." म्हणजे चल, जाऊ या. दोघं गच्चीवर पळाले. तिथं कसले बेत चालले होते कोण जाणे, नुसता खिदळण्याचा आवाज.

आक्का जेवल्या नाहीत.

ता. १४

दोघांच्या सगळ्या कपड्यांवर लाल दोऱ्यानं नावं घालायची. झग्यांवर, पंच्यांवर, मोज्यांवरसुद्धा. आज शकूचे संपवले. आक्का शेजारी येऊन बसल्या, सुई ओवून देत होत्या. मध्येच म्हणाल्या, "तिला रातीला पानी लागतं. तितं कोन दील?"

मला काय ठाऊक, आक्का.

पाचगणी, ता. २४

धर्मशाळेत बसून लिहितेय. शकू झोपली आहे.

सकाळी शाळेच्या मोठ्या साहेबांनी दोघांना वाचायला लावलं. शकूनं घडाघड वाचलं, साहेब हसले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग डाक्तरीणबाईंकडे. वसंताची छाती, दात, डोळे, झालं. शकूला बाकावर निजवलं. पोट दाबलं, पुन्हा दाबलं. मला बोलावलं. "हिवतापानं पानथरी, प्लीहा, किती वाढलीय बघा. ताप येतो ना अजून?"

मी म्हटलं, येतो अधूनमधून, पण आता महिनाभर नाही.

बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, इथं हिवाळ्यात कडक थंडी, असली मुलगी ठेवून घेतली आणि काही झालं तर तुम्ही समुद्रापलीकडे. वर्षभर औषध द्या, पोट उतरलं की पुढच्या साली आणा. आत्ता नाही.

यांनी साहेबांना पुष्कळ सांगितलं. यांचं इंग्रजी स्टेशनवरचं, ताठ. तसं बोलताना मी यांना कधी बघितलं नव्हतं, हात जोडल्यासारखं. साहेब नुसते मान हलवत होते.

तेवढ्यात वसंता पुढं झाला. "मलापण ताप येतो. माझंपण पोट बघा. मलापण येतो." सदरा वर करून उभा. डाक्तरीणबाईंनी खरोखरच पुन्हा तपासलं त्याला. काही निघालं नाही.

त्याला ठेवून घेतलं. यांनी ठरवलं. मी नको म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं का? दोघांचं बिघडण्यापेक्षा एकाचं तरी, असं हे म्हणाले.

ता. २५

निरोप घ्यायला गेलो. वसंता शाळेच्या गणवेशात, कोटाच्या बाह्या लांब. बरोबर तीनचार मुलं, एका दिवसात ओळख झालेली.

शकू फाटकातून धावली. "काका, काका." मुलं हसली. एकानं विचारलं, हा तुझा काका? एवढासा? वसंताचे कान लाल झाले. तिला मराठीत म्हणाला, "इथं तसं म्हणायचं नाही." ती थांबली. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही, माझ्या पाया पडला, यांच्या पडला आणि घंटा झाली म्हणून पळाला. घंटा झाली होती, खोटं नाही.

आदल्या दिवशी तिच्यासाठी सदरा वर करून उभा राहिलेला तोच हा मुलगा. त्याचा राग कसा करू? त्याला तिथं राहायचं आहे.

वाईपर्यंत मोटारीत शकू खिडकीबाहेर बघत होती. पसरणीच्या घाटात ओकली. मी तोंड पुसलं तर हात बाजूला केला.

सोलापूर, ता. ३ मार्च

शकूच्या झग्यांवरची नावं उसवायला घेतली होती. आक्का म्हणाल्या, राहू दे, औंदा न्हाय तर फुडल्या साली लागतील की. त्या काढा करतात, कडू असूनही शकू त्यांच्या हातनं मुकाट घेते. माझ्या हातनं थुंकते.

ता. १०

शकू ती बोली बोलत नाही. एक शब्द नाही. मराठी सपाट्यानं चाललीय, आक्कांसारखी, "व्हय", "न्हाय", "लई". गल्लीतल्या पोरींत जाते, पलीकडच्या साळ्याच्या मुलीकडून तेलुगू गाणं शिकून आली. आक्का कौतुकानं सगळ्यांना म्हणायला लावतात.

दुपारी तिला जवळ घेतलं आणि ओमारी अंगाई म्हणायचा तिचे मला येतात तेवढे शब्द म्हटले. तुटकेमुटके. ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "मला न्हाय कळत ते."

"विसरलीस?"

"व्हय."

पंधरा दिवसांत कुणी विसरतं का?

ता. १८

यांचं ठरलं, शकू आक्कांकडे. मी मिशनचं बोर्डिंग म्हणते. भांडण झालं. हे म्हणाले, घर सोडून बोर्डिंग का? कारण मी सांगितलं नाही. इथं लिहिते. बोर्डिंगात ठेवली तर ती माझी राहील, लांब असलेली पण माझी. आक्कांकडे राहिली तर तीन वर्षांनी पुढच्या रजेला मी पाहुणी म्हणून येईन.

आक्का तिच्या वेण्या घालतात तेव्हा मी आत जाते.

ता. २७

मी राहते, असं आज यांना म्हटलं. हे दाढी करत होते. वस्तरा खाली ठेवला. म्हणाले, "राहा. तुझा हक्क आहे." मग, "मी त्या घरात एकटा गेलो तर मधूच्या झाडाकडे कोण बघेल? मी गाड्यांचे डबे मोजीन की..." अर्ध्या गालाला साबण तसाच.

मधू गेल्यापासून यांना रात्री झोप नसते. मी असते म्हणून निदान अंथरुणावर पडतात. इथं दोन जिवंत, तिथं एक मातीत आणि एक हे. मी एक आहे.

ता. ५ एप्रिल

उन्हाचा भडका. शकूला आज ताप, अंग नुसतं तापलेलं. डाक्तर येऊन गेले, हिवतापाचं कोयनेल चालू. म्हणाले, पानथरी थोडी उतरलीय, धीर धरा, हा ताप साधा निघेल. तापात ती बडबडत होती. आक्कांनी कान लावला, "काय म्हन्ती गं ही? मला उमजंना."

मला उमजलं. जत्रेतलं चाललं होतं. काकाला हाका मारत होती, मी इथं आहे, मी इथं आहे.

विसरली नाही काही. लपवलं होतं.

मी बाहेर जाऊन रडले. आक्का मागोमाग आल्या, पाठीवर हात फिरवत राहिल्या.

ता. ९

ताप उतरला. मऊ भात खाल्ला. बोट या महिन्याच्या वीस तारखेला सुटते, मुंबईला दोन दिवस आधी पोचायला हवं. यांनी आम्हा दोघांची जागा धरून ठेवली आहे, माझं नक्की नसतानाही. विचारत नाहीत.

ता. १२

हे लिहून ठेवलंच पाहिजे.

भोंगा होऊन दाजी गिरणीत गेले, हे बाजारात. आक्का जात्याशी बसल्या होत्या, दळण थांबवलं. म्हणाल्या, "तारा, हितं बस."

बसले.

"पोरीला माज्यापाशी ठिवून जाऊ नगंस."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. जानेवारीपासून हीच बाई म्हणत होती, मी हाय की.

"आक्का, तुम्हीच तर..."

"व्हय, मीच म्हन्ले. आता मीच सांगती. ही आनि तीन वर्सं माज्या कुशीत निजली तर मी परत दीन का? मला माजा भरवसा न्हाय. तू येशील तवा मी दार लावून घीन. तुज्याशी वैर करीन मी, तारा. बापूशी करीन." डोळ्यांत पाणी नव्हतं. हाताला पीठ होतं, तसंच पदराला पुसलं. "तू हितं ऱ्हा. न्हायतर मडमेकडं ठिव. मी रोज भाकरी घिऊन जाईन, फाटकातनं बघीन. पर घरात नगं."

इतके दिवस जिला मनातल्या मनात चोर म्हणत होते तीच माझी मुलगी मला परत देत होती. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी पाय मागं घेतले. "उगं ऱ्हा. दळन व्हायचंय." आणि पुन्हा दळू लागल्या. मीही खुंटा धरला. दोघींनी मिळून ज्वारी संपवली.

ता. १५

मडमेकडे जाऊन आले. जूनपासून घेतील. तोवर सुट्टी, मुली आपापल्या गावी. जूनपर्यंत कुणीतरी इथं हवं. कुणीतरी म्हणजे कोण ते कुणी बोलत नाही.

वसंताचं पत्र, चार ओळी, इंग्रजीत. बरा आहे. हॉकी खेळतो. शकूबद्दल काही नाही. यांनी दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. शकूनं दाखवा म्हटलं नाही.

ता. १७

संध्याकाळच्या गाडीनं निघायचं. यांची ट्रंक बांधून ओसरीवर. माझी उघडी आहे. सकाळपासून दोनदा भरली, दोनदा उपसली.

हे मघाशी आत आले, ट्रंकेकडे बघितलं, म्हणाले, "मी तिथं सांभाळीन. रागानं नाही म्हणत." मी सदऱ्याचं वरचं बटण लावून दिलं.

शकू उंबऱ्यात बसून शेंगा सोलतेय. आक्का मुद्दाम शेजारी गेल्या आहेत. टांगेवाला आला. हे त्याला म्हणताहेत, जरा थांब. तो विचारतोय, "कितने सवारी, साहब?"

यांनी दारातून माझ्याकडे बघितलं. शकूनंही बघितलं.