माझ्यामागे चिंधी कोणाकडे राहील

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा गाद्या भरणे व सोफे-खुर्च्या मढवणे, शिक्षण चौथीपर्यंत, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे आणि तो हरवेल म्हणून एक नक्कल कपाटात ठेवली आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की भरीस पाडलेले नाही. भरीस पाडू शकतील अशा बहुतेकांशी माझे सध्या भांडण आहे.

येत्या सोमवारी माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. किरकोळ असते तर त्यांनी तीन ठिकाणी सही घेतली नसती.

वकिलाच्या कारकुनाने लिहायचा नमुना दिला. तो वाचून मी विचारले, यात रागाचे कलम कुठे आहे. तो म्हणाला, "काका, मृत्युपत्रात मालमत्ता लिहितात. राग नाही लिहीत." मी म्हणालो, "बाबा रे, घर एक आणि दुकान एक. जास्त साठा रागाचाच आहे. तो कोणाच्या नावावर करू?" तो हसला. मी हसलो नाही. म्हणून नमुन्यातले शब्द जिथे लागतील तिथे घेतले आहेत, बाकी माझे आहे.

कलम १. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे मुलाला दिले होते. कारण पुढे येईल.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक राहील ते मुलीला द्यावे. तिने नेहमीप्रमाणे आधी "मला काही नको" म्हणून मग आठ दिवस हळहळू नये. गुपचूप घ्यावे.

कलम ३. शिलाई मशीन, दाभणे, वाकड्या सुया, पट्टा ताणायचा चिमटा आणि दोन्ही हातोड्या समोर चपला शिवणाऱ्या माझ्या मित्राला द्याव्यात. मोठी कात्रीही त्यालाच. तिने कागद कापायचा नाही. मुलाने लहानपणी एकदा तिने पतंग कापला होता, ती धार अजून पहिल्यासारखी झालेली नाही. मित्राला हे सांगून ठेवले आहे, तरी इथे पुन्हा लिहितो.

कलम ४. राहते घर, म्हणजे पुढे दुकान, मागे दोन खोल्या व मोरी, हे मुलीच्या नावे करावे. मुलाला त्यात वाटा नाही. मुलगा विचारील, "मी काय केलं?" काय केले ते सांगतो.

आमच्या घराची डावी भिंत ठेकेदाराच्या घराला चिकटून आहे. ठेकेदार म्हणजे आमचा शेजारी, रस्ते आणि गटारे बांधतो. त्याचे घर तीन मजली, वर गच्ची. त्याला नवे काम मिळाले की गच्चीवर फटाके. सामना जिंकला की फटाके. गाडी घेतली की फटाके. त्याची मुलगी पास झाली की फटाके, आणि ती काही पहिली वगैरे आली नव्हती. एकदा मेव्हणा राहायला आला म्हणून फटाके. मेव्हणा गेल्यावर वाजवले असते तर मी समजून घेतले असते.

चिंधी आमची कुत्री. नऊ वर्षांपूर्वी दुकानामागे चिंध्यांच्या पोत्यात सापडली, हाताच्या ओंजळीत मावेल एवढी. मी म्हणालो होतो, बाहेर सोड. बायको म्हणाली, "तुम्ही बाहेर गेलात तरी चालेल, ही राहील." तेव्हापासून ती राहिली. बायको जाऊन आता पाच वर्षे झाली. तिच्यानंतर घरात श्वास घेणारे असे आम्ही दोघेच.

पहिला आवाज झाला की चिंधी मशीनखाली शिरते. तिथेच मुतते. थरथर कापते, आणि ते कापणे थांबायला दुसरा दिवस उजाडतो. दोन-दोन दिवस तोंडात घास घेत नाही. मी हे सांगायला ठेकेदाराच्या गच्चीवर गेलो होतो. तीन जिने चढून गेलो, आणि माझे गुडघे कसे आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. पाहुणे जमलेले होते. तो म्हणाला, "अहो काका, कुत्रं आहे ते. कानात कापूस घाला त्याच्या. तुमच्याकडे पोत्यांनी आहे."

सगळे हसले. त्यात माझा मुलगा होता. चार दिवसांसाठी घरी आला होता, आणि माझ्याकडे यायच्या आधी तिकडे गेला होता. त्याच्या हातात पेटती काडी होती. माझ्याकडे बघून त्याने ती लपवली नाही, विझवली नाही. वातीला लावली. आणि त्याच चार दिवसांत, माझ्या घराचे काय द्याल, असे तो ठेकेदाराला विचारून आला. ठेकेदाराला हे घर गाड्या लावायला हवे आहे. मी जिवंत, आत बसून गादी टाचतोय, आणि माझ्या जागेत गाड्या किती मावतील याचे माप चालले आहे!

मुला, तुला घर न देण्याचे कारण हे आहे. तू आलास तर मुलगी तुला जेवायला घालील. तिला मी मना केलेले नाही.

मुलीला अट एकच. हे घर ठेकेदाराला विकायचे नाही. या अटीला एक अपवाद आहे, तो कलम ६ मध्ये लिहिला आहे. कारकून म्हणतो की अपवाद त्याच कलमात हवा. पण मला आधी कलम ५ लिहायचे आहे, नाहीतर माझी हिंमत जाईल.

कलम ५. हे कलम मालमत्तेचे नाही.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी चिंधीला एक गोळी दिली होती. फटाक्यांच्या दीड तास आधी द्यायची, म्हणजे ती शांत पडून राहते. पण फटाके कधी वाजणार हे मला कोण सांगणार? ठेकेदाराची बायको एक दिवस आपण होऊन दुकानात आली. तिला मी ठेकेदारीणबाई म्हणतो. ती म्हणाली, "काका, हे काही माझं ऐकायचे नाहीत. पण फटाक्यांचा खोका घरात आला की मला कळतंच ना. मी गच्चीच्या कठड्यावर लाल टॉवेल टाकत जाईन. दिसला की गोळी द्या."

दीड वर्ष हे बिनबोभाट चालले. ती टॉवेल टाकायची, मी गोळी द्यायचो, चिंधी गाद्यांच्या ढिगावर घोरत पडायची. नवऱ्याच्या डोळ्यांसमोर ती बाई हे करीत होती आणि त्याला पत्ता नव्हता.

मग दोनदा घोटाळा झाला. एकदा त्याचे काम ऐन वेळी दुसऱ्याला गेले आणि फटाके तसेच राहिले. एकदा तिच्या नणंदेने धुण्यातला तोच टॉवेल वाळत घातला. दोन्ही वेळा चिंधीला दिलेली गोळी फुकट गेली. दिवसभर झिंगल्यासारखी चालली, चौकटीवर डोके आपटले. मी संतापलो. दारातून ओरडलो, "अहो बाई, हा निरोप आहे का धुणं, एकदा ठरवा!" गल्लीने ऐकले. तिचा चेहरा पडला, तोही मी पाहिला.

तिसऱ्या वेळी, चार वाजता, टॉवेल दिसला. मी मनात म्हटले, धुणेच असणार. विचारून आलो असतो तर बारा पावले होती. पण गच्चीवरच्या त्या हसण्यानंतर ठेकेदाराच्या पायरीवर पाय ठेवणार नाही अशी मी शपथ घेतली होती, आणि समोर एका गिऱ्हाइकाचा सोफा उघडा पडला होता. मी गोळी दिली नाही.

साडेपाचला माळ लागली. चिंधी मशीनखालून निघाली आणि मागच्या खिडकीची जाळी फाडून गेली. जाळीवर रक्त होते. तीन दिवस ती नव्हती.

त्या तीन दिवसांत मला जो भेटेल त्याला मी सांगत सुटलो की टॉवेल नव्हता. बाईने टॉवेल टाकलाच नाही, शब्द दिला आणि मोडला, शेवटी नवऱ्याचीच ती. इस्त्रीवाल्याला सांगितले, दूधवाल्याला सांगितले, पोलीस चौकीत लेखी दिले. ठेकेदाराच्या तोंडावरही ओरडलो. तेव्हा त्याला टॉवेलचे प्रकरण प्रथम कळले. तिने त्याच्या पाठीमागे हे चालवले, आणि वर तेही धड केले नाही, असे तो तिला बोलला. भिंत पातळ आहे. मला सगळे ऐकू आले. मी सुई ओवत बसून राहिलो.

तर शुद्धीत राहून, कोणाच्याही दबावाखाली न येता मी लिहून देतो की टॉवेल होता. चार वाजता होता. मी पाहिला. ठेकेदारीणबाई खरे बोलत होती आणि मी खोटे बोललो. चौकीतला माझा अर्ज खोटा समजावा.

चिंधीला शोधून आणले तेही तिनेच. लाकडाच्या वखारीमागे पडून असलेल्या पाइपात ती शिरून बसली होती. बाईने कोपरे सोलून घेतली पण तिला बाहेर काढले, आपल्या शालीत गुंडाळून दुकानात आणले, आणि मला एवढेच म्हणाली, "आधी पाणी द्या तिला." मी पाणी आणायला आत गेलो. बाहेर येईपर्यंत ती निघून गेली होती.

यावरून कोणी असे समजू नये की ठेकेदार सुटला. माळ त्याने लावली. टॉवेल टाकण्याची वेळ त्याच्यामुळे आली. माणसाला आनंद झाला की भिंतीपलीकडच्याने गोळ्या का द्यायच्या, याचे उत्तर त्याने मला आजपर्यंत दिलेले नाही. माझा त्याच्यावरचा राग कायम आहे, तो माझ्याबरोबर संपणार नाही, आणि वारसा म्हणून मुलीकडे जाईल.

कलम ६. आता चिंधी. मुलगा तिला घेणार नाही. मुलीच्या घरी जावयाला कुत्र्याच्या केसाने दमा होतो. ते खरे आहे, मी स्वतः पाहिले आहे. चिंधीचे म्हणाल तर तेव्हापासून, गेली दोन वर्षे, ती माझ्या कामाच्या वेळी ठेकेदाराच्या दारात जाऊन बसते. मी हाक मारली तरी वळून बघते आणि तिथेच बसते. कृतघ्न कुठली! पण तिला कळते.

म्हणून चिंधी मी ठेकेदारीणबाईंच्या स्वाधीन करतो. ठेकेदाराच्या नव्हे. सोबत तिची ताटली, तिचे अंथरूण आणि उरलेल्या गोळ्या.

अपवाद असा. त्या घरात फटाका न वाजता पाच वर्षे गेली, तर मुलीने हे घर ठेकेदाराला विकायला हरकत नाही. एक जरी वाजला तरी कधीच नाही. चिंधी जिवंत असेपर्यंत, असे मी आधी लिहिले होते. मग वाटले की हा तिला विष घालील आणि मोकळा होईल. म्हणून पाच वर्षे, ती असो वा नसो. आणि ती गेली तर कशाने गेली ते डॉक्टरीणबाईंनी लेखी द्यावे.

कलम ७. हे आज सकाळी वाढवले. कलम ६ बद्दल बाईंना आधी विचारावे म्हणून त्यांना दुकानात बोलावले आणि पाचवे व सहावे वाचून दाखवले. मला वाटले होते, रडतील. त्या म्हणाल्या, "दोन वर्षं काका. दोन वर्षं घरात मी खोटारडी. आणि हे तुम्ही मेल्यावर वाचायला ठेवताय?"

मी म्हणालो, "बाई, सोमवारी ऑपरेशन आहे."

"म्हणून तर. कुत्री मी घेते. तुम्ही दिली नसतीत तरी घेतली असती. पण पाचवं कलम आज वाचायचं. बाहेर उभं राहून. ह्यांच्यासमोर."

मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून वाचले. इस्त्रीवाला काम टाकून आला, मित्र चप्पल हातात घेऊन आला, डॉक्टरीणबाई साक्षीसाठी आलेल्याच होत्या. ठेकेदार गाडीतून उतरून उभा राहिला. मध्ये एक ओळ मी भरभर उरकली, तेव्हा बाई म्हणाल्या, "पुन्हा वाचा, ते चार वाजताचं." मी पुन्हा वाचले.

वाचून झाले तेव्हा ठेकेदार पायरीपाशी आला. माझ्यावर ओरडेल म्हणून मी तयार होतो. पण तो बायकोकडे वळून म्हणाला, "मग तू सांगितलं का नाहीस मला?"

बाई म्हणाल्या, "सांगितलं होतं. रोज."

मी तिथेच पायरीवर बसून हे सातवे कलम लिहायला घेतले.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, चारचौघांत वाचून दाखवला, आणि तो मला मान्य आहे. खाडाखोड तीन ठिकाणी आहे, तिथे बाजूला सही केली आहे.

ठिकाण: दुकानाची पायरी.
तारीख नऊ, शनिवार, दुपारचे बारा.

लिहून देणार: गादीवाला (सही)

साक्षीदार:
१. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई (सही)
२. कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले (सही)

कारकून म्हणतो की ठेकेदारीणबाईंची सही साक्षीदार म्हणून चालत नाही, कारण या कागदाने त्यांना काही मिळते आहे. म्हणून त्यांची सही घेतलेली नाही. पण त्या शेवटपर्यंत समोर उभ्या होत्या, आणि त्यांनी सांगितलेले खरे होते, हे मी खाली पुन्हा एकदा सही करून लिहून ठेवतो.

(सही)